आरोपमुक्त, दोषमुक्त, निर्दोष: बातमीत नेमका कोणता शब्द?

अनुस्वार:
फौजदारी खटल्यांच्या मराठी बातम्यांत 'दोषमुक्त' हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी येतो. खटला सुरू होण्याआधीच न्यायालयाने आरोपीला सोडलं तरी 'दोषमुक्त', आणि सगळे साक्षीपुरावे होऊन तो सुटला तरीही 'दोषमुक्त'. यांना वेगवेगळे शब्द आहेत का? शिवाय 'आरोपपत्र', 'दोषारोपपत्र' आणि 'आरोपनिश्चिती' यांत फरक कायद्याचा आहे की नुसता लिहिण्याच्या सवयीचा?

जातमुचलका:
फरक टप्प्यांचा आहे, आणि शब्द चुकला की माणूस खटल्याच्या भलत्याच पायरीवर जाऊन बसतो. क्रम असा: खबर, तपास, दोषारोपपत्र, आरोपनिश्चिती, साक्षीपुरावा, निकाल.

आरोपपत्र आणि दोषारोपपत्र एकच. ते पोलीस दाखल करतात. तपास संपल्यावर न्यायालयाला दिलेला तो अहवाल असतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तो कलम १७३ खाली होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्यात तो कलम १९३ खाली आहे. आरोपनिश्चिती मात्र न्यायालय करतं. न्यायाधीश कागदपत्रं पाहतात, दोन्ही बाजू ऐकतात आणि खटला चालवण्याइतपत प्रथमदर्शनी आधार दिसला तर कोणत्या कलमाखालचा कोणता आरोप, हे लेखी मांडतात. ते आरोपीला वाचून, समजावून सांगतात आणि गुन्हा कबूल आहे का, असं विचारतात. सत्र न्यायालयासाठी हे नव्या संहितेतलं कलम २५१ (पुढची कलमंही तिच्यातलीच). आरोपांवरच्या पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत हे व्हावं अशी मुदत नव्या संहितेने घातली आहे. म्हणून 'पोलिसांनी आरोप निश्चित केले' हे वाक्य सरळ चूक आहे.

आता तुमचा मूळ प्रश्न. आरोपनिश्चितीच्या वेळी पुरेसा आधार दिसला नाही तर न्यायाधीश आरोपीला तिथेच सोडतात. सत्र खटल्यात हे कलम २५०. त्यासाठी आरोपीने खटला सत्र न्यायालयाकडे वर्ग झाल्यापासून ६० दिवसांत अर्ज करायचा असतो. याला 'आरोपमुक्त' म्हणावं. साक्षीपुरावे होऊन गुन्हा शाबित झाला नाही तर 'निर्दोष मुक्तता'. 'दोषमुक्त' हा शब्द दोन्हीकडे सैल वापरला गेल्यामुळे बातमीत तो टाळलेलाच बरा.

हा काटेकोरपणा कशासाठी, तर कलम ३३७ साठी. एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला नको, हे तत्त्व त्या कलमात आहे आणि त्याच्या स्पष्टीकरणात साफ म्हटलंय की आरोपमुक्ती म्हणजे निर्दोष मुक्तता नव्हे. आरोपमुक्त झालेल्याविरुद्ध नवा पुरावा मिळाला तर प्रकरण पुन्हा उभं राहू शकतं. निर्दोष सुटलेल्याविरुद्ध सरकार किंवा पीडित व्यक्ती अपील करू शकते, पण त्याच गुन्ह्याचा नवा खटला भरता येत नाही.

पायमोड:
कायद्याच्या मराठी पाठात आरोपमुक्तीसाठी 'विनादोषारोप सोडणे' असा प्रयोग आहे. अर्थ अचूक, पण मथळ्यात मावत नाही. हिंदीत 'उन्मोचन' आणि 'दोषमुक्ति' अशी जोडी आहे. तिथे 'दोषमुक्ति' म्हणजे निकालानंतर सुटणं. हिंदी बातमीवरून मराठी करणाऱ्याने 'दोषमुक्त' तसाच ठेवला की घोळ वाढतो. 'आरोपमुक्त'ला माझाही पाठिंबा.

'पुराव्याअभावी निर्दोष' या शब्दप्रयोगाबद्दलही लिहायला हवं. संशयाचा फायदा मिळून सुटलेलाही कायद्याने निर्दोषच. न्यायालयाने संशयाचा फायदा दिला असेल तर तसं जरूर लिहावं, ती माहिती आहे. पण निकालपत्र न वाचता 'पुराव्याअभावी' चिकटवणं म्हणजे त्या माणसावर आयुष्यभराचा डाग ठेवणं.

सावली:
'जामीन' या शब्दाचंही बघा ना. 'जामीन मिळाला' म्हणजे सुटला, असंच वाचणारा धरतो.

जातमुचलका:
तसं नसतं. 'जामीन' मूळ अरबी, आणि अर्थ हमी घेणारा माणूस. 'मी त्याला जामीन राहतो' या वाक्यात तो मूळ अर्थ अजून जिवंत आहे. पुढे जामीन म्हणजे त्या हमीवर मिळणारी मोकळीक, असा अर्थ रूढ झाला आणि माणसासाठी 'जामीनदार' घडवावा लागला. जातमुचलका म्हणजे दुसरा कुणी मध्ये न घेता स्वतःच लिहून दिलेला बंध, म्हणजे लेखी हमी.

'जामीन मंजूर' आणि 'जामिनावर सुटका' या दोन घटना आहेत. आदेश झाला तरी जामीनदार उभा करावा लागतो, त्याची कागदपत्रं तपासली जातात, सुटकेचा आदेश तुरुंगात पोचावा लागतो. गरीब माणूस नेमका इथे अडकतो. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ ला यावर निर्देश दिले. जामीन मंजूर होऊन ७ दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकाने मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवाला कळवायचं. महिन्याभरात बंध देता आला नाही तर न्यायालय स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकतं. बातमीत 'जामीन मंजूर, सुटका बाकी' एवढे चार शब्द घातले तरी वाचकाला खरी स्थिती कळते.

'कच्चा कैदी' हा शब्दही जपून ठेवण्यासारखा. खटला अजून चालू आहे, शिक्षा झालेली नाही, हे त्यात दोन शब्दांत येतं. सरकारी आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते आणि त्यांतले ४,३४,३०२ कच्चे. अशा माणसाला 'गुन्हेगार' लिहिणं सर्वथा चूक. कलम ४७९ नुसार त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा अर्धा काळ आत गेला की जामिनावर सोडण्याची तरतूद आहे, आणि आधी कधीच दोषी न ठरलेल्याला एक तृतीयांश काळानंतर. फाशी किंवा जन्मठेप असलेल्या गुन्ह्यांना हे लागू नाही. एकाहून जास्त गुन्ह्यांचे वा खटल्यांचे तपास, सुनावण्या चालू असतील तरीही नाही, आणि बरेच जण या शेवटच्या अटीवर अडतात.

सावली:
व्हिडिओ कॉलवर पोलीस असल्याचं भासवून, अटकेची भीती घालून पैसे उकळतात, त्याला 'डिजिटल अटक' म्हणतात. या नव्या शब्दाचं काय करायचं?

पायमोड:
माझ्या मते बातमीत तो अवतरणाशिवाय कधीच येऊ नये. 'डिजिटल अटक' वाचून हा अटकेचाच एक नवा प्रकार वाटतो, आणि फसवणाऱ्यांना तेच हवं असतं. कायद्यात असा प्रकारच नाही. अटक करताना पोलिसाने प्रत्यक्ष शरीराला स्पर्श करावा किंवा ते ताब्यात घ्यावं लागतं, किंवा त्या माणसाने बोलून वा कृतीने स्वतःला स्वाधीन करावं लागतं (कलम ४३). मग प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर हजर करायचं. यातलं काहीही व्हिडिओ कॉलवर होत नाही. चौकशीला बोलावण्याची नोटीस कलम ३५ खाली असते, आणि ती व्हॉट्सॲपवरून बजावू नये असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलंय. मला 'अटकेचा बनाव' हा शब्द योग्य वाटतो: 'अटकेचा बनाव करून इतके लाख उकळले'. त्याच बातमीत सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा क्रमांकही द्यावा, कारण पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधी तक्रार झाली तरच ते गोठवता येण्याची आशा असते.

जाता जाता: 'न्यायवैद्यक प्रयोगशाळेत मोबाइल पाठवला' हेही चुकतं. न्यायवैद्यक म्हणजे शवविच्छेदन, जखमा, विष यांचा वैद्यकीय भाग. मोबाइल, हस्ताक्षर, गोळीच्या पुंगळ्या जातात त्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत. महाराष्ट्रात त्या संस्थेचं नावच ते आहे.

अनुस्वार:
'आरोपमुक्त' पक्का केला. एक अडचण राहते. चार कलमांपैकी एकातूनच सोडलं आणि बाकीच्यांखाली खटला चालणार असेल तर?

जातमुचलका:
मग मथळ्यात नुसतं 'आरोपमुक्त' नको. 'कटाच्या आरोपातून मुक्त, फसवणुकीचा खटला चालणार' असं कलमाच्या विषयासह लिहा. आरोपी अनेक असतील तर कोण सुटलं आणि कोणावर खटला चालणार, हे पहिल्याच वाक्यात यायला हवं.