दावीदच्या ब्राँझवर हिरवी पूड

प्रश्न: मडगावच्या जुन्या घरात फ्रेंच शिल्पकार मेर्सिएचा 'दावीद' हा ब्राँझचा पुतळा आहे, दीडेक फुटी. पावसाळ्यात दावीदने मारलेल्या गल्याथच्या मुंडक्यापाशी फिकट हिरवी पूड धरते. चिंचेने घासू का?

उत्तर १: चिंच नको, पितांबरीही नको! तपकिरी पॅटिना (धातूवरचा रंगीत थर) उतरेल आणि हातात पितळी तांब्या राहील. पूड बांबूच्या टोकदार काडीने कोरडीच काढा. परत आली तर क्लोराइडचा रोग (मिठातल्या क्लोराइडमुळे ब्राँझ खात जाणारा गंज) समजा. खारी, दमट हवा त्याला पोसते. घट्ट काचपेटी, आत ओल शोषणारं सिलिका जेल, आर्द्रता ४० टक्क्यांखाली. मेण नंतर, पूर्ण सुकल्यावरच. नाहीतर ओल आतच कोंडते.

उत्तर २: आधी ब्राँझच आहे ना बघा. बैठकीच्या आतून बारीक ओरखडा काढा: पिवळसर दिसलं तर ब्राँझ, रुपेरी दिसलं तर जस्त. चुंबकाने कळणार नाही, दोन्हींना तो चिकटत नाही. ओतकाम करणाऱ्या बार्बेदिएनचं नाव नि प्रती लहान करण्याचं यंत्र काढणाऱ्या कोलासचा गोल शिक्का शोधा. ती यंत्राने लहान केलेल्या प्रतीची खूण. मोठा ब्राँझ पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे.

उत्तर ३: आणि उचलताना तलवारीला धरू नका.