कबुतराचे घरटे कधी काढावे?

प्रश्न: आमच्या बाल्कनीत एसीच्या बाहेरच्या यंत्रामागे कबुतराने काड्या रचून दोन अंडी घातली आहेत. विष्ठेचा त्रास वाढत असला, तरी अंड्यांसकट घरटे काढून टाकणे मनाला पटत नाही. अशा वेळी नेमके काय करावे?

प्रतिसाद १: शक्य असल्यास थांबावे. साधारण १८ दिवसांत अंड्यांतून पिल्ले बाहेर येतात आणि त्यानंतर सुमारे महिनाभरात उडू लागतात, म्हणजे हा प्रश्न जेमतेम दीड महिन्याचा आहे.

प्रतिसाद २: वरील मताशी सहमत आहे, मात्र पिल्ले उडून जाताच घरटे काढावे, कारण कबुतरे त्याच जागी पुन्हा अंडी घालतात, कधी कधी तर आधीची पिल्ले घरट्यात असतानाच. वाळलेली विष्ठा कोरडी झाडू नये; तिच्या धुळीमुळे फुप्फुसांचे विकार होऊ शकतात, म्हणून मास्क लावून, आधी पाणी शिंपडून ती पुसून घ्यावी. नंतर जाळी बसवावी, पण ती घट्ट ताणलेली असावी, कारण सैल जाळीत पक्षी अडकतात.

प्रश्नकर्ता: धन्यवाद. तोवर खाली जुनी वर्तमानपत्रे अंथरतो आणि यंत्र बंदच ठेवतो. उकाडा सोसावा लागेल, इतकेच.