तिसरा हिरवा दिवा लागला नाही तर

चाकं खाली दिसत असताना एटीआर (पंख्यांचं छोटं प्रवासी विमान) बेळगावच्या सांबरा विमानतळावर न टेकता परत वर का जाईल, असं कुणी विचारेल. चाक दिसणं वेगळं, लॉक होणं वेगळं. कॉकपिटमध्ये लॉक झालेल्या प्रत्येक चाकासाठी एक हिरवा दिवा लागतो. तीनपैकी एक लागला नाही, तर आधी गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर चढणं. खटपट वर गेल्यावर.

एटीआरला छताच्या पॅनेलवर दिव्यांचा दुसरा संच असतो. तिथे तिन्ही हिरवे असले तर चाकं लॉक आहेत. नसतील तर चेकलिस्टप्रमाणे आपत्कालीन दांडा ओढायचा: चाकं वर धरून ठेवणारे अपलॉक सुटतात, चाकं आपल्या वजनाने खाली येतात.

हे होईतो एकाने फक्त विमान उडवायचं! 1972 मध्ये फ्लोरिडात एका प्रवासी विमानाच्या कॉकपिटमधले सगळे नाकाच्या चाकाच्या दिव्यात गुंतले, उंची सुटत गेली, शंभरावर माणसं गेली. सांबरा समुद्रसपाटीपासून जवळपास 2500 फुटांवर, त्यात आषाढातले ढग. उंची दाखवणाऱ्या अल्टिमीटरवरून नजर काढून चालणारच नाही.