बाहेरच्या माणसानं मोठा पीआर (आमच्या कोडमध्ये घ्या म्हणून पाठवलेला बदल) पाठवलाय, आम्ही सॉफ्टवेअर विकतोपण, तर घ्यायचा कसा?

टॉवेलगल्ली
नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीकडं आमची छोटी कंपनी आहे, यंत्रमाग कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर करतो. सुताचा स्टॉक, कुठलं बीम कुठल्या मागावर चढलंय, पाळीला टॉवेल किती निघाले, आठवड्याची मजुरी, असलं सगळं. कोड गिटहबवर (कोड ठेवायची साइट) एजीपीएलखाली (घेऊन बदलून वापरलं तर आपलाही कोड उघडा ठेवायचा, असल्या अटीचं लायसन्स) उघडा आहे आणि ज्याला एजीपीएलची भानगड नको त्याला तोच कोड कमर्शियल लायसन्सवर विकतो, सपोर्टचे पैसे वेगळे. पोट त्यावरच चालतं.

आत्तापर्यंत बाहेरून आलं ते म्हणजे किरकोळ दुरुस्त्या आणि एक-दोघांनी केलेलं तेलुगू भाषांतर (इथं तेलुगू बोलणारे कारखानदार बरेच). आता इचलकरंजीच्या एका पोरानं जेकार्डच्या डिझाइनप्रमाणं सुताचा हिशोब काढणारं अख्खं मॉड्यूल पाठवलंय, काम खरंच चांगलंय, आमच्याकडं असं कुणाला जमलं नसतं. पोरगा पुण्यात आयटीत नोकरीला आहे, घरचे माग आहेत म्हणून सुट्टीत बसून केलं म्हणतो. पार्टनर म्हणतो आधी सीएलएवर (कोड वापरायची मोठी परवानगी आम्हाला लिहून देणारा करार) सही घे, मला वाटतं सही मागितली की माणूस पळतो. नुसता डीसीओ (कोड द्यायचा मला अधिकार आहे, अशी एका ओळीची कबुली) चालेल का? आणि मॉड्यूल विकायच्या आवृत्तीत टाकलं तर उद्या तो हरकत घेऊ शकतो का?

वकील_नाही_पण
घेऊ शकतो. पीआर मर्ज केला (आपल्या कोडमध्ये मिसळून घेतला) म्हणजे कोड तुमचा झाला असं होत नाही, कॉपीराइट लिहिणाऱ्याचाच राहतो. त्यानं एजीपीएल प्रोजेक्टला दिला म्हणजे तुम्हाला पण एजीपीएलच्या अटींवरच मिळाला, दुसऱ्या लायसन्सवर विकायची परवानगी त्यात कुठंच नाही.

डीसीओ वेगळ्या कामाचा आहे. २००४ साली एससीओ कंपनीच्या कोर्टकज्ज्यानंतर लिनक्स कर्नेलवाल्यांनी (लिनक्सचा गाभा लिहिणारे) आणला, कमिट करताना (बदल नोंदवताना) साइन-ऑफची एक ओळ टाकायची, म्हणजे 'हा कोड द्यायचा मला अधिकार आहे आणि प्रोजेक्टच्या लायसन्सवर देतोय' एवढी कबुली. कोड कुठून आला याचा माग राहतो, पण लायसन्स बदलायचा हक्क त्यातून मिळत नाही. तुमचा धंदाच दोन लायसन्सवर आहे म्हटल्यावर डीसीओ पुरणार नाही. अपाचे फाउंडेशनच्या धर्तीवरचा सीएलए बघा, त्यात कॉपीराइट पोराकडंच राहतो, तुम्हाला फक्त मोठी परवानगी मिळते.

आणि आपला कायदा इथं जरा वाकडा आहे. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९. हक्क लिहून देताना मुदत लिहिली नाही तर पाच वर्षंच धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत, आणि वेगळं लिहिलेलं नसेल तर वर्षभर हक्क वापरला नाही की तोही जातो. कलम ३०ए मुळे हेच लायसन्सलाही लागतं. म्हणून मेलवर 'हो घ्या की' असं उत्तर आलं म्हणून खूश होऊ नका, कायमचं आणि जगभर हे शब्द कागदावर पाहिजेत.

त्याहून मोठी गोष्ट त्याची नोकरी. कलम १७(सी), नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक कंपनी, वेगळा करार नसला तर. सुट्टीत केलं हे ठीक, पण आयटीवाल्यांच्या ऑफर लेटरमध्ये काय काय लिहिलेलं असतं ते माहितीय ना. त्याला आधी ते पत्र वाचायला सांगा.

मर्ज_कॉन्फ्लिक्ट
मी पाठवणाऱ्यांच्या बाजूचा, सीएलए दिसला की टॅब बंद करतो, आणि उगाच नाही करत. हॅशीकॉर्पनं ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्म (सर्व्हर उभारायचं टूल) एमपीएल या उघड्या लायसन्सवरून बीएसएलवर (धंद्यात वापरावर बंधनं घालणारं) नेलं, लोकांनी सीएलएवर सह्या केलेल्या होत्या, बोलायला जागाच नाही, शेवटी फोर्क (जुन्या कोडची वेगळी आवृत्ती) काढला आणि तो ओपनटोफू म्हणून लिनक्स फाउंडेशनकडं गेला. इलास्टिकनं (सर्च सॉफ्टवेअरवाले) २०२१ मध्ये तसंच केलं, त्यातून ॲमेझॉनचं ओपनसर्च निघालं.

पण वरच्यांचं एक राहिलं. रेडिसनं (डेटाबेसवाले) मार्च २०२४ मध्ये लायसन्स बदललं तेव्हा त्यांना कुणाच्या सीएलएची गरजच पडली नाही, कारण जुना कोड बीएसडी (सैल लायसन्स) होता, बीएसडी कोड कुणीही कुठल्याही लायसन्सच्या मालात घालू शकतो. गिटलॅबनं (गिटहबसारखीच कोडची साइट) २०१७ मध्ये सीएलए सोडून डीसीओ घेतला याचं लोक फार कौतुक करतात, पण त्यांची फुकट आवृत्ती एमआयटी (बीएसडीसारखंच सैल लायसन्स) आहे म्हणून ते परवडलं, एजीपीएलवाल्यानं ती नक्कल केली तर फसेल.

तुम्ही हेच उलटं वापरा की. पोराला सांगा तुझं मॉड्यूल एमआयटी किंवा अपाचे २.० वर दे. दोन्ही एजीपीएल आवृत्ती ३ मध्ये बसतात, विकायच्या आवृत्तीतही चालतात, त्याचं नाव राहतं आणि उद्या तुमच्याशी वाजलं तर तो तेच मॉड्यूल दुसरीकडं नेऊ शकतो. सगळ्यांना सारखाच हक्क, कुणी कुणाला लिहून द्यायला नको. फक्त कॉन्ट्रिब्युटिंग फाइलमध्ये पहिल्याच ओळीत लिहा की आम्ही हे विकतो. लोकांचा राग विकण्यावर नसतो हो, नंतर कळण्यावर असतो.

सातरस्ता_सर्व्हर
काय बे लका, सगळे कायद्यातच घुसले. कोड कोण सांभाळणार ते बोला की. पोराचं लग्न झालं, ऑनसाइटला गेला, आणि ऐन दिवाळी बोनसच्या आठवड्यात सुताचा हिशोब चुकला की कारखानदार फोन तुम्हाला लावणार, इचलकरंजीला नाही. फुकट आलेली म्हैस आहे ती, चारा तुमच्याच दावणीचा. एवढा मोठा पीआर एकदम घेऊच नका, तुकडे करून मागा, प्रत्येकाला टेस्ट पाहिजे, तुमच्यातल्या एकाला तो कोड त्याच्या इतकाच कळला पाहिजे. पुढच्यासाठी नियम करा, आधी इश्यू (गिटहबवरचा चर्चेचा धागा) उघडून बोलायचं, मग कोड लिहायचा, म्हणजे नाही म्हणताना कुणाची मेहनत वाया जात नाही. एस्क्यूलाइटवाले (छोट्या डेटाबेसचे) तर सरळ म्हणतात सोर्स उघडा आहे पण बाहेरचा कोड घेत नाही, त्यांचं काय अडलंय?

आणि नवीन माणसाच्या पीआरवर गिटहब ॲक्शन्स (कोडच्या स्वयंचलित तपासण्या) आपोआप पळू देऊ नका, आधी मंजुरी लागेल अशी सेटिंग ठेवा. त्यात पुल-रिक्वेस्ट-टार्गेट (तपासणीला तुमच्या गुप्त चाव्या मिळतात असा प्रकार) वापरून बाहेरचाच कोड चालवत असाल तर तुमच्या सर्व्हरच्या चाव्या त्याच्या हातात जातील. पोरगा चांगलाच असेल, पण २०२४ ला एक्सझेडमध्ये (फाइल दाबून लहान करायचं साधन) मागचं दार बसवणाऱ्यानं पण दोन-अडीच वर्षं चांगलंच काम केलं होतं.

नाहीतर सरळ पैसे द्या त्याला, विषय संपला.

वकील_नाही_पण
संपत नाही ना भाऊ. पगारी नोकर नसलेल्याला पैसे देऊन सॉफ्टवेअर करून घेतलं तरी कॉपीराइट त्याचाच, लेखी हस्तांतर केल्याशिवाय. शिवाय नोकरी चालू असताना बाहेरून पैसे घेतले तर मूनलायटिंग (नोकरीबरोबर बाहेरचं काम) म्हणून तोच अडकायचा. एमआयटीचा मार्ग मला पटला, पण मालक कंपनी निघाली तर त्या एमआयटीला पण अर्थ नाही, नोकरीचं आधी मिटवा.

टॉवेलगल्ली
सगळ्यांचे आभार. रात्री फोन केला त्याला. एमआयटीवर द्यायला एका पायावर तयार आहे, सीएलएचं नाव काढलं तर थोडा गप्पच झाला होता. कंपनीकडून लेखी 'आमचा यावर हक्क नाही' असं आणतो म्हणाला, ते येईपर्यंत पीआर उघडाच ठेवतो. तुकडे पाडायचं पण ठरलं, पहिला नुसता सुताच्या काउंटचा तक्ता. डीसीओची ओळ सगळ्यांना सक्तीची करतोय, लायसन्ससाठी नाही, माग राहावा म्हणून. पार्टनर कुरकुरतोय की एमआयटी केलं तर दुसरा कुणी मॉड्यूल उचलेल, म्हटलं उचलू दे, बाकीचं सॉफ्टवेअर कुठून आणणार.

एकच राहिलं, तेलुगू भाषांतर पाठवलेल्यांना पण आता मेल टाकू का? ते तर विकायच्या आवृत्तीत कधीचं आहे.

मर्ज_कॉन्फ्लिक्ट
आजच टाका, दोघंच आहेत तोवर. व्हीएलसीवाल्यांनी (व्हिडिओ प्लेअरचे) २०११-१२ मध्ये जीपीएलवरून एलजीपीएलवर (त्याचंच जरा सैल रूप) जाताना जुने डेव्हलपर एकेक करून शोधले होते, कितीतरी जणांचे ईमेलच बंद पडलेले. आणि एखादा नाही म्हणाला तर तेवढ्या ओळी काढून स्वतः भाषांतर करा, तुमच्याकडं तेलुगू येणारे कमी नाहीत.