पेट्रोल गाडीत डिझेलचं ऑईल: चालतंय की चालवून घेतोय?

रंकाळाकाठ
गेल्या महिन्यात गाडी ऑईल बदलायला ओळखीच्या गॅरेजात सोडली. पेट्रोल, २०२१ ची, बीएस-६. मॅन्युअलमध्ये ऑईलचा ग्रेड, म्हणजे जाडपणाचा आकडा, ०डब्ल्यू-२० लिहिलाय. संध्याकाळी आणायला गेलो तर बिलावर डिझेलचं जाड ऑईल, १५डब्ल्यू-४०. विचारलं, तर मिस्त्रींनी कोपऱ्यातलं २०० लिटरचं बॅरल दाखवलं. नळाखाली अर्धा कापलेला पाच लिटरचा कॅन, त्याच्या काठावर धूळ बसून घट्ट झालेली. म्हणाले, "हे ट्रॅक्टरला चालतंय, ट्रकला चालतंय, तुमच्या एवढ्याशा इंजिनला काय होतंय? उलट जास्त टिकंल."

चारशे रुपये वाचले असतील, पण मला न विचारता ओतलं याचा राग अजून गेलेला नाही.

डिझेलचं ऑईल तगडं आणि पेट्रोलचं नाजूक, ही समजूत आपल्याकडे घट्ट बसली आहे आणि ती चुकीची आहे. डिझेल इंजिनात काजळी फार होते, म्हणून त्या ऑईलमध्ये काजळी धरून ठेवणारी आणि आम्ल मारणारी रसायनं जास्त असतात. झीज रोखणारं जस्त-फॉस्फरसही जास्त. पेट्रोल गाडीत हाच फॉस्फरस ऑईलबरोबर थोडा थोडा जळतो आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या भागाच्या, आत थर धरतो. कन्व्हर्टर बदलायचा खर्च विचारून बघा, मग चारशे रुपयांचा हिशेब करू.

पाना_हातोडा
उद्यमनगरात २६ वर्षं इंजिनं खोलतोय. न विचारता ओतलं हे चूकच, त्याला माझा पाठिंबा नाही. पण ऑईलला नावं ठेवू नका. बॅरलवरची बारीक अक्षरं वाचलीसा का? बहुतेक बॅरलांवर सीआय-४ प्लस, तिरपी रेघ आणि पुढं एसएल असतंय. सी म्हणजे डिझेल, एस म्हणजे पेट्रोल. म्हणजे ते ऑईल दोन्हीला पास आहे.

माझ्याकडं येणाऱ्या कितीतरी ८०० आणि ओम्नी वर्षानुवर्षं याच ऑईलवर पळाल्यात. टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, काढलं की आत नुसता पिवळसर रंग, बोट फिरवलं तरी काय लागत नाही. आणि भारीतलं सिंथेटिक घालून वीस-वीस हजार किलोमीटर ओढलेल्या गाड्या येतात, त्यांचं कव्हर उघडलं की काळं डांबर खरवडून काढाय लागतंय. ऑईल कुठलं यापेक्षा कधी बदललं हे बघा.

रंकाळाकाठ
दादा, वेळेत बदलण्याबद्दल वाद नाही. पण एसएल हा दर्जा २००१ चा, २००४ पर्यंतच्या इंजिनांसाठी. त्यानंतर एसएम, एसएन आणि २०२० मध्ये एसपी आला. माझी गाडी २०२१ ची. वीस वर्षांपूर्वीच्या परीक्षेचं पास सर्टिफिकेट तिला कसं चालेल? आणि ऑईल बदलल्यापासून अ‍ॅव्हरेज १९ वरनं साडेसतरावर आलंय.

पाना_हातोडा
महिनाभर पाऊस, काचा बंद, एसी चालू. त्यात गगनबावड्याला जाऊन आला असशीला. अ‍ॅव्हरेजचं सगळं खापर ऑईलवर फोडू नका.

पद्मिनीवाला
मी दादांच्या बाजूनं. वडिलांची १९८७ ची पद्मिनी अजून चालवतो, १०८९ सीसी. कुणीतरी चांगलं म्हणून सांगितलं आणि तिच्यात ५डब्ल्यू-३० एसएन घातलं. वर्षाच्या आत टकटक सुरू झाली. खोललं तर दोन टॅपेटच्या तळाला खड्डा, नखाला लागण्याइतका. या इंजिनात झडपा उघडणारा कॅम थेट टॅपेटच्या सपाट तळावर घासत फिरतो, तिथं जस्त-फॉस्फरसच लागतं. आता सीआय-४ घालतो, आवाज बंद. कन्व्हर्टर या गाडीला नाहीच, मग खराब काय होणार?

शिरोली_एमआयडीसी
माझं रोजचं काम इंजिनाच्या सुट्या भागांचं आहे, म्हणून लिहिते. पद्मिनीचं उदाहरण बरोबर आहे, पण ते पद्मिनीपुरतंच. एसएनमध्ये फॉस्फरसवर ०.०८ टक्क्यांची मर्यादा आहे ती ५डब्ल्यू-३० सारख्या पातळ ग्रेडना. २०डब्ल्यू-५० ला ती लागू नाही. म्हणजे जुन्या गाडीला जाड पेट्रोल ऑईलही चाललं असतं.

रंकाळाकाठ, तुमचा फॉस्फरसचा मुद्दा खरा, पण तो सावकाश होणारा त्रास आहे. इंजिन ऑईल पीत असेल तर लवकर, नसेल तर वर्षं लागतील. तुमच्या गाडीत आधी बघायचा तो जाडपणा. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीचा. १५डब्ल्यूची चाचणी उणे २० अंशाला होते, कोल्हापुरात त्याची काळजी नको. पण शेवटचा आकडा १०० अंश तापमानाचा. २० ग्रेड तिथं ६.९ ते ९.३ सेंटीस्टोक (जाडपणा मोजायचं एकक), ४० ग्रेड १२.५ ते १६.३. दीडपट ते दुप्पट जाड. तुमच्या इंजिनात व्हॉल्व्ह टायमिंग, म्हणजे झडपा उघडायची-मिटायची वेळ, ऑईलच्या दाबावर हलत असेल तर हा फरक तिथं जाणवणारच.

आणि टर्बो पेट्रोल, थेट सिलिंडरमध्ये फवारा मारणारी गाडी असेल तर डिझेल ऑईलचं नाव काढू नका. घाट चढताना वरच्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर पाय दाबला की ऑईलचा बारीक थेंब ठिणगीच्या आधीच पेट घेतो. कॅल्शियम जास्त असलेल्या ऑईलनं हे वाढतं आणि डिझेल ऑईलमध्ये ते बहुतेकदा भरपूर असतं. पिस्टनच्या रिंगांमधला भाग तुटतो. एसएन प्लस आणि एसपी यासाठीच आले.

पाना_हातोडा
टर्बो पेट्रोलात मीही घालत नाही. एक पिस्टन फुटलेला बघितलाय, दुकानात ठेवलाय. पण साध्या इंजिनात एकदा ओतलं म्हणून कन्व्हर्टर गेला, असं एक तरी दाखवा.

रंकाळाकाठ
एकदाचं नाही दाखवता येणार, मान्य. पण गॅरेजात एकच बॅरल असेल तर दरवेळी तेच ओतलं जाणार. शनिवारी तुमच्याकडं येऊ का? ०डब्ल्यू-२० एसपीचा सीलबंद डबा मी घेऊन येतो.

पाना_हातोडा
या. दहाच्या आत या, आणि इंजिन गरम असू दे, ऑईल पूर्ण निघतंय. फिल्टरबी आणा. नुसतं ऑईल बदललं तर बॅरलमधलं थोडं फिल्टरात राहतंय.