३३ पॉइंट नसतील तर स्लॅम बोलूच नये?

इस्पिकराणी: "दोघांचे मिळून ३३ पॉइंट नसतील तर स्लॅमच्या वाटेला जाऊ नका, नवशिक्यांनी हे पाठच करावं," असं काल इथे ब्रिजबद्दल वाचलं आणि राहवेना. (पॉइंट म्हणजे एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १; स्लॅम म्हणजे तेरापैकी बारा हात करायची बोली.) असंच शिकवून आपण माणसाला कायमचं घाबरट करतो. मागच्या आठवड्यातला डाव सांगते. माझ्याकडे एक्का-राणीसह पाच इस्पिक, राजासह दोन बदाम, चार बारकी चौकट, किलवर एक्का-राणी. एक इस्पिक बोलले. भिडूचं चार चौकट, स्प्लिंटर! (म्हणजे इस्पिकला साथ आहे आणि चौकटीत फार तर एकच पान.) त्याच्याकडे राजा-गुलामासह चार इस्पिक, चार बदामांत एक्का, चार किलवरांत राजा. एकूण २६. समोरच्यांच्या १४ पैकी १० पॉइंट चौकटीत अडकलेले. एक चौकट दिली, तीन कापल्या, बारा हात. दुसऱ्या टेबलावर चार इस्पिकवर, म्हणजे दहा हातांच्या बोलीवर थांबले.

जुना भिडू: ती पोस्ट माझी. ३३ हा आकडा हवेतून आलेला नाही. समोर ७ च उरले, म्हणजे दोन एक्के त्यांच्याकडे असूच शकत नाहीत. तुम्ही लागलेला डाव सांगताय. बुडालेले किती?

इस्पिकराणी: मग हेही बघा. माझ्याकडे किलवर एक्क्याऐवजी चौकट राजा-राणी असती तर पॉइंट एकाने वाढला असता आणि दोन एक्के बाहेर गेले असते. पॉइंट किती यापेक्षा ते कुठे आहेत हे महत्त्वाचं.

किलवर दश्शी: व्हल्नरेबल (बोनस आणि दंड दोन्ही जास्त) असताना सहा इस्पिक लागलं तर १४३०, चारवर थांबून बारा हात केले तर ६८०. फरक ७५०. एक हात कमी पडला तर ६५० गेले, वर १०० दंड. पुन्हा ७५०. म्हणजे एका फिनेसवरचा (हवं ते मोठं पान सोयीच्या बाजूला असेल तरच, म्हणजे निम्म्या वेळा लागणारा) स्लॅम बोलायला हरकत नाही. फिनेसही हवा आणि समोरच्यांचे पाच हुकूमही ३-२ वाटलेले हवे, तर ३४ टक्के. सोडा. टीम सामन्यात ग्रँडला (तेराही हातांच्या स्लॅमला) मात्र साधारण ५६ टक्के लागतात.

बदाम सत्ती: टक्के राहू द्या, आधी ब्लॅकवूडचं (भिडूला एक्के विचारायच्या बोलीचं) बोला! चार नोट्रम्प (बिनहुकमी) बोलून विचारायचं, उत्तर आलं की मिनिटभर छताकडे बघून पाच इस्पिक, म्हणजे इथेच थांब, असं बोलायचं, आणि त्याचा भिडू लगेच सहा बोलणार. माझ्याविरुद्ध निर्णायक सामन्यात हेच झालं.

जुना भिडू: विचार करायलाही बंदी का आता?

बदाम सत्ती: विचार खुशाल करा. भिडूने त्या थांबण्यावरून अर्थ काढून बोलायचं नाही. नियम १६ वाचा, मग शिकवा.

किलवर दश्शी: थांबा. शून्य-किंवा-तीन की-कार्ड (चार एक्के आणि हुकमाचा राजा यांपैकी) असं उत्तर दिलं असेल आणि खरोखर तीन असतील, तर पुढे बोलणं रास्तच आहे.

बदाम सत्ती: नव्हतं तसं! दोन की-कार्ड, स्पष्ट उत्तर. तरी सहा बोलले, आणि लागलं.

जुना भिडू: पंचांना बोलावलंत का?

बदाम सत्ती: नाही. दोघंही वयाने मोठे, गप्प बसलो. सामना तेवढ्यानेच गेला. अजून सलतं.

जुना भिडू: बोलवायलाच हवं होतं. वयाचा मान टेबलावरून उठल्यावर. माझ्यासमोर झालं असतं तर मीच हात वर केला असता.

इस्पिकराणी: आणि ३३ चं काय?

जुना भिडू: दोघांची पानं संतुलित (चारही रंगांत साधारण सारखी) आणि नोट्रम्प, एवढं त्यात घालतो. २६ वर सहा बोलायचं धाडस तुम्हालाच लखलाभ.

इस्पिकराणी: स्प्लिंटर आल्यावरही?

जुना भिडू: चौकटीत माझं एकही चित्र वाया जात नसेल, तर बोलेन. पण आधी क्यू बिड (रंगातला एक्का-राजा दाखवणारी बोली) करून.

इस्पिकराणी: मीही तेच केलं होतं, काका.