ऑस्टिओसार्कोमा आणि एक्सोझोम: सीटी बंद करा म्हणणाऱ्यांना उत्तर

आडवाछेद
कालच्या धाग्यातले ऑस्टिओसार्कोमाबद्दलचे (हाडाचा कर्करोग) आणि एक्सोझोमबद्दलचे (पेशी सोडतात त्या सूक्ष्म पिशव्या, म्हणजे व्हेसिकल) हे वाचून राहवले नाही: "ऑस्टिओसार्कोमा फुफ्फुसात का जातो हे कोडे सुटले. एक्सोझोम आधी जाऊन जागा तयार करतात. आता रक्तातले एक्सोझोम मोजले की छातीच्या सीटीची गरज नाही."

कर्करोगाच्या पेशींसाठी आधी जागा तयार होते, हे मान्य. होशिनो, लायडन आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली दाखवले की व्हेसिकलवर अल्फा-६ बीटा-४ इंटिग्रिन (चिकटायला मदत करणारे प्रथिन) असेल तर ती फुफ्फुसात शिरतात, अल्फा-व्ही बीटा-५ असेल तर यकृतात. पण मात्रा बघा: उंदराला दिवसाआड १० मायक्रोग्रॅम, तीन आठवडे. मांडीतली गाठ अशी ठोक मात्रा देत नाही, ती सतत थोडे थोडे सोडते. शिवाय त्या प्रयोगात ज्या पेशींचा रोख हाडाकडून फुफ्फुसाकडे वळला, त्या स्तनाच्या कर्करोगाच्या होत्या.

दुसरे. केमो नव्हती त्या काळी पाय कापूनही दहांतल्या आठ जणांच्या फुफ्फुसात पुढे गाठी यायच्या. म्हणजे निदानाच्या दिवशी बहुतेकांच्या पेशी तिथे पोचलेल्याच असतात. जागा तयार होत होती तेव्हा मुलगा आपल्याकडे आलेलाच नसतो.

आणि सीटी कशी सोडणार? गाठी किती, फुफ्फुसाच्या कुठल्या लोबमध्ये (भागात), काठाला की मुळाशी, हे कळल्याशिवाय सर्जन काढणार काय? सगळ्या गाठी निघाल्या तर काही मुले बरी होतात. रक्तातला आकडा जागा सांगत नाही.

पिपेटवाली
सीटी बंद करा असे त्या धाग्याच्या लेखकाने लिहिले, आम्ही प्रयोगशाळेवाल्यांनी नाही. त्याच्या एका वाक्यासाठी तुम्ही सगळा विषय झोडपताय. स्तनाच्या पेशी म्हणून हात झटकता, मग ॲमस्टरडॅमच्या गटाचे २०१७ चे काम का वगळलेत? ते ऑस्टिओसार्कोमाचेच आहे. गाठीच्या व्हेसिकलच्या पडद्यावर टीजीएफ-बीटा (पेशींना संदेश देणारे प्रथिन) असतो, तो मेसेंकायमल स्टेम सेलना (हाड, चरबी अशा ऊती बनवणाऱ्या मूळ पेशी) आयएल-६ (दाह वाढवणारे प्रथिन) सोडायला लावतो. अशा 'शिकवलेल्या' पेशी उंदरात घातल्या की मेटास्टॅसिस (कर्करोगाचा दुसरीकडे प्रसार) वाढतो, आणि टोसिलिझुमॅब (आयएल-६ चे काम अडवणारे औषध) दिले की तो वाढवणारा परिणाम थांबतो. रुग्णांच्या सीरममध्येही (रक्त गोठल्यावर वर उरणारा द्रव) व्हेसिकलवरचा टीजीएफ-बीटा जास्त सापडला. औषधाने अडणारा मार्ग दाखवलाय, अजून काय हवे?

रोटर-के
सीरम! इथेच घोडे अडते. टीजीएफ-बीटाचे सगळ्यात मोठे कोठार म्हणजे प्लेटलेट. रक्त गोठू दिले की प्लेटलेट तो ओततात, वर स्वतःची व्हेसिकलही सोडतात. नळी अर्धा तास ठेवली की दोन तास, यावर आकडा हलतो. रुग्णाच्या प्लेटलेट वाढलेल्या असतील तर तुम्ही गाठ मोजताय की गोठणे?

सायट्रेट प्लाझ्मा (सायट्रेट घालून गोठू न दिलेल्या रक्तातला द्रव) घ्या. २१ गेजची सुई, पहिली नळी बाजूला. सेंट्रिफ्यूजमध्ये २,५०० जीवर (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पट) १५ मिनिटे, ब्रेक न लावता; वरचा प्लाझ्मा काढताना तळापासून सेंटिमीटरभर सोडा. मग तेच पुन्हा. हे गोठवण्यापूर्वी. एकदा उणे ८० ला प्लेटलेटसकट गोठवलेत की वितळताना त्या फुटतात, आणि मग कितीही फिरवा, उपयोग नाही.

पिपेटवाली
उंदरातल्या प्रयोगात सीरमचा संबंध नाही. तिथली व्हेसिकल कल्चरमधली (प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींची) होती.

रोटर-के
कल्चरमध्ये गाईच्या गर्भाचे सीरम (एफबीएस) असतेच! एफबीएस १,००,००० जीवर १८ तास फिरवले तरी गाईची व्हेसिकल पूर्ण जात नाहीत, आणि सुप्त टीजीएफ-बीटाही उरतो. पेशी न घातलेले मीडियम (पेशी वाढवायचे द्रावण) त्याच पायऱ्यांतून नेऊन त्याचा पेलेट (तळाला बसलेला साका) कंट्रोल म्हणून, म्हणजे तुलनेसाठी, लावला नाही, तर निष्कर्ष गाठीचा की गाईचा हे सांगता येत नाही.

"१,००,००० जी, ७० मिनिटे" एवढे लिहून लोक मोकळे होतात. रोटर कुठला? के-फॅक्टर (रोटर किती वेळात साका बसवतो ते सांगणारा आकडा) दुप्पट असेल तर तेवढाच पेलेट मिळायला वेळही दुप्पट लागतो. स्विंगिंग बकेट आणि फिक्स्ड अँगल या दोन प्रकारच्या रोटरांचे आकडे एकमेकांशी जुळवत बसू नका.

पिपेटवाली
तुमच्या हिशोबाने कोणाचेच काम खरे नाही. हा हटवादीपणा आहे.

रोटर-के
हटवाद नाही. व्हेसिकल दिसावीत म्हणून लावतात त्या पीकेएच रंगाचेच घ्या. तो एकटाही व्हेसिकलएवढे कण बनवतो, पेशी ते गिळतात, आणि चित्रात 'फुफ्फुसाने एक्सोझोम घेतले' असे दिसते. नुसत्या रंगाचा कंट्रोल नसेल तर ते चित्र मी मानणार नाही. व्हेसिकल सुटणे अडवायला वापरतात त्या जीडब्ल्यू४८६९ ने सेरामाइड (पडद्यातली एक चरबी) बनणेच अडते, ते फक्त व्हेसिकलपुरते नसते. रॅब२७ए (व्हेसिकल सोडायला लागणारे प्रथिन) बंद केले तर एमएमपी-९ (ऊती पोखरणारे एन्झाइम) सुटणेही कमी होते. मग मेटास्टॅसिस कशामुळे घटला?

हाडवाला
तुमचे रोटर चालू राहू द्या. गुडघ्याजवळची दुखरी सूज महिनाभर चोळली जाते, पट्ट्या बांधल्या जातात, मग कोणीतरी आडवा छेद घेऊन बायोप्सी करतो. छेद उभाच हवा, पुढच्या ऑपरेशनच्या रेषेत, म्हणजे तो मार्ग गाठीबरोबर काढून टाकता येतो. आडव्या छेदाने आणि पसरलेल्या रक्ताने स्नायूंचे दोन-तीन कप्पे दूषित होतात आणि वाचवता आला असता तो पाय जातो. जिथे शस्त्रक्रिया व्हायची तिथेच बायोप्सी करा, याबद्दल एक तरी धागा काढा!

आडवाछेद
मुद्दा शंभर टक्के खरा, पण धागा वेगळा. पिपेटवाली, तुम्ही रुग्णाच्या रक्तात नक्की काय मोजणार ते सांगा.

पिपेटवाली
सीरमपेक्षा प्लाझ्मा बरा, हे मानते. नाइलाजाने, कारण जुने साठवलेले नमुने जवळपास सगळे सीरमचे आहेत. पण नुसत्या कॉलमवर (आकारानुसार कण वेगळे करणारी नळी) थांबायचे नाही, हे रोटर-के यांनीही मानावे. कॉलमने एचडीएल (चरबी वाहणारे लिपोप्रोटीन कण) आणि अल्ब्युमिन (रक्तातले प्रथिन) बरेचसे जातात, व्हीएलडीएल हे दुसरे लिपोप्रोटीन मात्र व्हेसिकलएवढेच असल्याने सोबत उतरते. ते हलके आहे, म्हणून पुढे घनतेचा ग्रेडियंट. व्हेसिकल साधारण १.१० ते १.१९ घनतेला (ग्रॅम प्रति मिलिलिटर) मिळतात. मग सीडी९, सीडी६३, सीडी८१ (व्हेसिकलच्या खुणा) दिसावेत, कॅलनेक्सिन (पेशीच्या आतल्या भागाची खूण) दिसू नये, एपो-बी (लिपोप्रोटीनचे प्रथिन) किती उरला तेही लिहावे. कणांच्या संख्येवर भिस्त नको, एनटीएला (कण मोजायची पद्धत) लिपोप्रोटीन आणि व्हेसिकल सारखेच दिसतात.

आणि हे केमोच्या आधी, दहाव्या आठवड्यात आणि ऑपरेशननंतर, त्याच मुलाच्या सीटीच्या तारखांना. सीटीऐवजी नाही.

रोटर-के
ग्रेडियंट मान्य. ऑपरेशननंतरची नळी मात्र लगेच घेऊ नका, जखमेमुळे प्लेटलेट चेतवलेल्या असतात. तीन आठवडे थांबा, आणि प्रत्येक नळीबरोबर प्लेटलेट काउंट लिहा.